टांगता नॅपकिन: वरचा क्रोशा शाबूत, मग जोड का सुटतो?

वरचा क्रोशा नव्यासारखा, बटण जागेवर, आणि खालचा नॅपकिन मात्र एका कोपऱ्यातून सुटून लोंबतोय. स्वयंपाकघरात टांगायचे नॅपकिन मी गेली काही वर्षं करते आहे. स्वतःसाठी केले, रुखवतात दिले, शेजारणींना दिले. त्यांतला जवळजवळ प्रत्येक ‘बिघडलेला’ नॅपकिन माझ्याकडे याच अवस्थेत परत आला. सुरुवातीला मी दर वेळी वरचा भाग उसवून पुन्हा विणायचे आणि दोन महिन्यांत तेच व्हायचं. कारण दुखणं क्रोशात नव्हतंच. ते होतं धागा कापडात शिरतो त्या पहिल्या ओळीत.

ज्यांनी हा प्रकार केलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक नॅपकिन मधोमध कापायचा. कापलेल्या कडेवर क्रोशा सुरू करून ओळीगणिक टाके कमी करत पंख्यासारखा आकार आणायचा, मग अरुंद पट्टी विणायची आणि तिच्या टोकाला काज ठेवायचं. पट्टी दांडीवरून घेऊन बटण लावलं की नॅपकिन टांगला. मूळ पद्धत अमेरिकन स्वयंपाकघरातली. तिथे ओव्हनच्या दाराला आडवी दांडी असते, तिच्यावर हे नॅपकिन लटकतात. आपल्याकडे तो मान फ्रीजच्या नाहीतर ट्रॉलीच्या हँडलला मिळतो. इथे एक फरक लक्षात ठेवा. आपल्या घरात तो दिवसातून शंभर वेळा ओढला जातो. कणकेचे हात, भाजीचे हात, नळाखालून काढलेले निथळते हात, सगळे त्याच्यावरच. शिवाय कोणीही नॅपकिन हातात घेऊन पुसत नाही. चालता चालता खाली ओढून पुसतात.

ओझं किती येतं ते पाहायला मी एकदा अर्धा नॅपकिन काट्यावर ठेवला. कोरडा ५५ ग्रॅम. चिंब भिजवून, न पिळता ठेवला तर २०० च्या वर. त्यावर हाताचा हिसका वेगळाच. हे सगळं जातं ते वरच्या कडेवर पाडलेल्या चाळीसेक भोकांवर.

आधी नेमकं काय बिघडलंय ते पाहा

उसवायची घाई करू नका. नॅपकिन धुऊन, वाळवून, टेबलावर सपाट ठेवा. ओला असताना काहीच कळत नाही. मग जोडाच्या ओळीच्या खाली एक बोट आणि वर एक बोट ठेवून हलकेच ताणा. भोकं लांबट होऊन कापडाचे आडवे दोरे दिसायला लागले, तर रोग कापडात. भोकं गोल आहेत, पण क्रोशाची कड लाटेसारखी उठते, तर टाके जास्त झालेत. कड सपाट आहे आणि नॅपकिनलाच चुण्या पडल्यात, तर टाके कमी पडलेत. यातलं काहीच नाही, नुसती पट्टी लोंबून लांब झालीय, तर तो भाग सोपा आहे. त्याकडे नंतर येते.

भोकाचं दुखणं

दहातल्या सात-आठ वेळा मला हेच सापडतं. टर्किश कापडाची वीण नीट पाहिलीत तर त्यात तीन प्रकारचे दोरे दिसतील. उभे, आडवे आणि ज्यांचे फुगीर फासे वर येतात ते. हे फासे शिवलेले नसतात, आडव्या दोऱ्यांच्या कचाट्यात नुसते अडकलेले असतात. आपण ३.५ मिमीची सुई जोर लावून त्यात खुपसतो तेव्हा दोन गोष्टी होतात. सुईचं नाक एखादा फासा पकडून ओढतं, त्यामुळे कापडात लांबवर एक रेघ उमटते. आणि बळजबरीने आत गेलेली सुई आडवे-उभे दोरे तोडते. त्या दिवशी काही दिसत नाही. चार धुण्यांनंतर तुटलेली टोकं बाहेर येतात, भोक मोठं होतं आणि शेजारच्या भोकाला जाऊन मिळतं.

कड नुसती कापून लगेच क्रोशा सुरू केला असेल तर विचारायलाच नको. ‘क्रोशाचे टाके कड धरून ठेवतील’ हा समज मी स्वतः दोन नॅपकिन गमावून सोडला. टाके कड झाकतात, धरत नाहीत.

म्हणून माझी आताची पद्धत अशी. कापलेली कड आधी ओव्हरलॉक करून घ्यायची. कोपऱ्यावरचा शिंपी दोन मिनिटांत करून देतो. मग एक सेंटिमीटरची दुमड घालून मशीनने सरळ शीव मारायची. कापड पातळ असेल तर ओव्हरलॉक न करता दोनदा दुमडलं तरी चालतं, पण जाड टर्किशला दुहेरी दुमड घालू नका. कडेची सुपारी होते आणि तिच्यातून दाभणसुद्धा जात नाही.

यानंतरची पायरी महत्त्वाची: क्रोशाची सुई कापडात घालायचीच नाही. मोठ्या नेढ्याची, टोकदार भरतकामाची सुई घ्या, तिच्यात क्रोशाचाच सुती धागा ओवा आणि दुमडीवर ब्लँकेट टाका (काजाच्या टाक्यासारखा, पण विरळ, दर टाक्याला धागा कडेवर अडकवत जाणारा) घाला. टाके मशीनच्या शिवणीच्या पलीकडे, म्हणजे कडेपासून साधारण १२ मिमी खाली उतरले पाहिजेत, म्हणजे ओढ आली की ती आधी शिवणीवर थांबते. दोन टाक्यांत अंतर १ सेंमी. टोकदार सुई दोऱ्यांच्या मधून वाट काढते, तोडत नाही. कडेवर जी आडवी दोरी तयार होते तिच्याभोवती क्रोशाची पहिली ओळ विणायची. आता हिसका बसला की तो एका भोकावर न राहता दोरीवरून शेजारच्या टाक्यांत वाटला जातो.

खडूने १-१ सेंटिमीटरच्या खुणा आधीच करून घ्या. अंदाजपंचे घातलेले टाके एका बाजूला दाट आणि दुसरीकडे विरळ होतात, आणि नॅपकिन पहिल्यांदा सुटतो तो नेमका विरळ बाजूने. कोपऱ्यात एकाच भोकात दोन ब्लँकेट टाके घ्या, तिथे ओढ तिरकी असते.

आरीने किंवा टोच्याने आधी भोकं पाडून मग क्रोशाची सुई घालायची युक्ती काही जणी सांगतात. बारीक विणीच्या सुती कापडावर, चौकटीच्या डस्टरवर वगैरे, ती चालते. टर्किशवर मला पटली नाही.

झालर आणि चुण्या

हा सगळा हिशोबाचा प्रश्न आहे, आणि घोळ बहुतेक वेळा नमुना कुठून घेतला तिथे होतो.

आठ प्लायचा सुती धागा आणि ३.५ मिमीची सुई घेतली तर माझ्या हाताने १० सेंटिमीटरमध्ये २० मुके खांब बसतात. (मुका खांब म्हणजे सुईवर आधी वेढा न घेता घातलेला बुटका टाका, आधी एक वेढा घेऊन घालतो तो खांब.) ४० सेंटिमीटरच्या कडेला ८० टाके हवेत. ब्लँकेट टाक्यांच्या ४० घरांत प्रत्येकी दोन, हिशोब जुळला. आता एखादा अमेरिकन नमुना पाहा. तिथला नेहमीचा धागा जाड असतो आणि सुई ‘एच’, म्हणजे ५ मिमीची. त्या धाग्याने १० सेंटिमीटरमध्ये चौदाच्या आसपास टाके होतात, म्हणून नमुन्यात ५६ टाके दिलेले असतात. तेच ५६ टाके आपण आपल्या बारीक धाग्याने घातले तर जेमतेम २८ सेंटिमीटर भरतात. ४० सेंटिमीटरचं कापड २८ मध्ये कोंबलं की चुण्या पडणारच. मग आपण म्हणतो, नमुनाच चुकीचा!

आकडे उतरवून घेऊ नका. आपल्या धाग्याचा १० सेंटिमीटरचा चौकोन विणा आणि टाके मोजा. अर्धा तास जातो, खरंच कंटाळवाणं काम आहे, आणि मीही कधी कधी टाळते. टाळलं की पस्तावते.

दुसरा घोळ शब्दांचा. अमेरिकेत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात तोच ब्रिटिश नमुन्यात डबल क्रोशे असतो, आणि अमेरिकन डबल म्हणजे ब्रिटिश ट्रेबल. आपला खांब तो अमेरिकन डबल. नमुन्यात कुठेही ‘सिंगल क्रोशे’ लिहिलं असेल तर तो अमेरिकन समजा, कारण ब्रिटिश पद्धतीत हे नावच नाही. एका मैत्रिणीने ब्रिटिश नमुन्यातले सगळे ‘डबल’ खांब म्हणून विणले. पंखा अडीच पट उंच झाला आणि नॅपकिन ट्रॉलीच्या खालच्या खणापर्यंत पोचला.

नवीन असताना सपाट होता, धुतल्यावर झालर आली, अशी तक्रार असेल तर दोष आटण्याचा. सुती कापड पहिल्या दोन-तीन धुण्यांत आटतं आणि अॅक्रिलिक आटत नाही. माझ्या एका नॅपकिनचा पन्ना ४१ सेंटिमीटरवरून तीन धुण्यांत ३८ वर आला. वरचे टाके तेवढेच, खालचं कापड तीन सेंटिमीटरने कमी, म्हणजे सहा टाके उपरे झाले. ते कुठे जाणार? वर उठतात. उलटही होतं: धुऊन आटलेल्या कापडावर न धुतलेला सुती धागा विणला, तर धागा आटून कापडाला आवळतो. उपाय एकच, नॅपकिन तीनदा गरम पाण्यात धुऊन मगच कापायचा, आणि सुती धाग्याची लडी असेल तर तीही भिजवून सावलीत वाळवून घ्यायची. गुंडाळलेला गोळा असेल तर त्याची आधी सैल लडी करावी लागते. सोलापूरचा टॉवेल असो, नाहीतर मॉलमधला तीनच्या संचातला, धुतल्याशिवाय कात्री लावू नका.

झालर आधीच आली असेल आणि उसवायचं जिवावर येत असेल, तर एक पळवाट आहे. पहिल्या ओळीच्या लगेच वर, उलट्या बाजूने, त्याच रंगाच्या दोऱ्याने धावदोरा घालून झालर कापडाच्या मापाला बसेल इतकी ओढून घ्या आणि दोरा दोन्ही टोकांना पक्का करा. जवळून पाहिलं तर कळतं. नॅपकिन इतक्या जवळून पाहतं कोण?

मधला भाग ताणतो, कोपरे लोंबतात

ही तक्रार वेगळी वाटते, पण मुळात जोडाचीच आहे. बऱ्याच नमुन्यांत दर ओळीला टाके निम्मे करतात: ८०, ४०, २०, १०. तीन ओळींत काम होतं म्हणून बरं वाटतं. पण इतक्या झटकन निमुळतं केलं की पट्टीची सगळी ओढ मधल्या दहा-पंधरा टाक्यांवर येते. कडेचे टाके नुसते शोभेला राहतात. मधली भोकं फाटतात आणि कोपरे खाली पडतात.

मी ८० वरून असं उतरते: ६०, ४०, ३०, २०, १०. पहिल्या ओळीत दोन खांब साधे, मग दोन एकत्र. दुसऱ्या ओळीत एक साधा, दोन एकत्र. पुढच्या दोन ओळी पुन्हा याच क्रमाने, आणि शेवटच्या ओळीत सगळे दोन-दोन एकत्र. दोन ओळी वाढतात, धागा थोडा जास्त लागतो, पण ओढ कोपऱ्यांपर्यंत पोचते. ओळ सुरू करताना वर जाण्यासाठी घातलेल्या तीन साखळ्या खांब म्हणून मोजायच्या की नाही, ते पहिल्याच ओळीला ठरवा आणि शेवटपर्यंत बदलू नका. एका कडेला पंखा तिरका जातो त्याचं कारण दर वेळी हेच असतं.

पट्टी लांबते

खांब उंच असतो, म्हणून ओझ्याखाली लांबतो. पट्टी मुक्या खांबांची विणा, आणि सुई अर्धा मिमी लहान घ्या, पंखा ३.५ ने विणला असेल तर पट्टी ३ ने. दहा टाक्यांची, साधारण ५ सेंमी रुंद आणि १६ सेंमी लांब पुरते. हँडल जाड असेल तर दोऱ्याने मोजून घ्या. विणून झाल्यावर दोन्ही उभ्या कडांनी सरकटाक्यांची (धागा सुईवरच्या फाशातूनही थेट ओढून घेतलेल्या, उंची नसलेल्या टाक्यांची) एक ओळ फिरवली की पट्टीला कणा येतो. तरीही लांबत असेल तर मागून सुती नाडी शिवा. दिसत नाही आणि हिसका नाडी झेलते.

काजाबद्दल एवढंच: २२ मिमीच्या बटणाला तीन साखळ्यांचं काज पुरे. विणताना ते लहान वाटतं, बटण ढकलावं लागतं, आणि ते तसंच असायला हवं. चार-पाच साखळ्या घातल्या तर महिन्याभरात बटण आपोआप निसटायला लागतं. बटण पट्टीला शिवताना मागच्या बाजूला एक छोटं सदऱ्याचं बटण ठेवून दोन्हीतून दोरा घ्या, म्हणजे दोरा विणीतून ओघळून येणार नाही.

धागा सुती घ्यावा की लोकर, यावर घरोघरी वाद आहेत. दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळते ती बहुतेक वेळा अॅक्रिलिक असते. स्वस्त, रंग भरपूर, आणि हातालाही मऊ. पण उष्णता लागली की वितळते, आणि गरम इस्त्री फिरवली की कायमची मरगळते. गॅसच्या शेजारच्या हँडलवर ती टांगू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सुती धागा ओला झाल्यावर कमजोर होत नाही, उलट थोडा मजबूतच होतो; ओल्या हाताच्या वस्तूला तोच बरा. त्याची एक खोड म्हणजे तो उशिरा वाळतो. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत पंख्याचा जाड भाग दोन-दोन दिवस दमट राहतो आणि काळे ठिपके धरतो. त्या चार महिन्यांत मी क्रोशावाले नॅपकिन धुऊन कपाटात ठेवते आणि साधे वापरते.

गडद लाल, मरून किंवा गडद निळा धागा पांढऱ्या कापडावर लावणार असाल तर आधी धाग्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या रुमालात दाबून रात्रभर ठेवा. रंग उतरला तर तो धागा तोरणाला ठेवा. मिठाच्या पाण्यात बुडवून तो पक्का होईल यावर विसंबू नका. हळदीच्या बोटांचं म्हणाल तर साबण लागल्यावर डाग लाल झाला म्हणून घाबरू नका, हळद साबणातल्या अल्कलीने तशी होते. धुऊन कडक उन्हात टाका, फिका होत जातो.

सुटलेला नॅपकिन, पण वरचं काम चांगलं आहे

हा प्रश्न मला मनापासून आवडतो, कारण उसवायची गरज नसते. फक्त थेट कात्री लावू नका. पहिल्या ओळीचे टाके ज्या कडेभोवती विणलेले असतात ती काढली की त्यांचे पाय मोकळे होतात आणि ओळ सैल पडते. म्हणून आधी सुईत नवा धागा ओवून पहिल्या ओळीच्या प्रत्येक टाक्याच्या पायथ्यातून तो आरपार फिरवून घ्या, माळ ओवतो तसा. दोन्ही टोकं लांब सोडा. आता खालचं कापड किंवा जुना ब्लँकेट टाका कापून काढा. वरचा भाग हातात अखंड येतो.

नव्या, धुतलेल्या, दुमड घातलेल्या नॅपकिनवर तो टाचण्यांनी बसवा. आधी मध्य, मग दोन कोपरे, मग मधल्या जागा. ओवलेल्या धाग्याखालून आणि कापडाच्या शिवणीखालून सुई घेत दाट तिरके टाके घाला. दर सेंटिमीटरला दोन तरी. शेवटी माळेच्या धाग्याची दोन्ही टोकं दुमडीच्या आत दडवून गाठ मारा. नवा पन्ना जुन्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर जास्त असेल तर मधोमध एक चपटी चुणी घालून शिवा. ओढ तिथेच जास्त असते आणि चुणीमुळे तिथलं कापड आपोआप तिप्पट होतं.

माझ्या फ्रीजला आत्ता जो लटकतोय त्याचा मोरपंखी पंखा असाच तिसऱ्या नॅपकिनवर चढलाय. बटण मात्र दोनदा बदललं, एकदा ट्रॉलीच्या खणात चेपलं म्हणून आणि एकदा भाचीने दातांनी तोडलं म्हणून.